दुकान की घर

"आजोबा, जरा बाजूला बसता का? सावली पडते," टीव्ही बसवायला आलेला माणूस म्हणाला.

मेकॅनिक बाजूला झाले, पण बसले नाहीत. डॉक्टरच्या घरी दुसरा डॉक्टर तपासायला आला, तर घरचा डॉक्टर स्वस्थ बसतो होय? चाळीस वर्षं त्यांनी अख्ख्या वस्तीचे टीव्ही उघडले आणि मिटले होते. दुकान बंद होऊन दहा वर्षं झाली तरी गल्ली त्यांना मेकॅनिकच म्हणे. आज सकाळपासून खिशाला स्क्रूड्रायव्हर लावून ते तयार होते. भिंतीला भोकं पाडायला आपल्याला कुणी विचारणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना एवढंच हवं होतं की नव्या टीव्हीचं चित्र आपल्या हातानं लावावं. तेवढं मिळालं असतं तर बाकी सगळ्यावर त्यांनी पाणी सोडलं असतं.

टीव्ही निवडायलाही मुलानं त्यांना नेलं होतंच. "बाबा, तुम्हाला त्यातलं कळतं." दुकानात नऊ टीव्ही ओळीनं एकच चित्र दाखवत होते. मेकॅनिकांनी अर्धा तास घालवून एकावर बोट ठेवलं. स्वस्तातलाच, पण माणूस माणसासारखा दाखवणारा. मुलानं त्याच्या शेजारचा घेतला. तो जास्त लखलखत होता.

आता तो भिंतीवर चढला. समोरच्या कॉटवर मेकॅनिकांची बायको उशीला टेकून बघत होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिचा मुक्काम तिथंच. कॉटच्या पायथ्याशी जुन्या टीव्हीचा डबा नव्या टीव्हीकडे तोंड करून बसला होता. संध्याकाळी भंगारवाला येणार होता.

पडद्यावर प्रश्न उमटला. टीव्ही कुठे वापरणार, दुकानात की घरी? माणसानं न वाचताच 'दुकान' दाबलं.

"घर दाबा, घर," मेकॅनिक म्हणाले. "दुकानात गिऱ्हाइकाचे डोळे दिपवायचे असतात, म्हणून रंग भडक ठेवतात."

"घर दाबलं की दुसऱ्या दिवशी फोन येतो, आजोबा. दुकानात होता तसा दिसत नाही म्हणून."

"बाबा, त्यांना त्यांचं काम करू द्या," मुलगा म्हणाला.

बातम्या लागल्या. बातम्या देणारी बाई टोमॅटोसारखी लाल होती आणि तिच्या मागची झाडं नुकती रंगवल्यासारखी हिरवी. मुलगा "वा!" म्हणाला. मग ते दोघं वायर ठोकायला गॅलरीत गेले.

रिमोट कॉटवर पडला होता. मेकॅनिकांनी बायकोकडे पाहिलं आणि तो उचलला. मेनू नवा होता, पण रंग काही नवे नव्हते. बाईच्या चेहऱ्यावरची नजर न हलवता त्यांनी भडकपणा उतरवला, मग उजेड, मग निळा किंचित. गालांवरचा शेंदूर गेला. नाकाशेजारी सावली पडली. डोळ्यांखाली थोडं जागरण दिसायला लागलं आणि बाई माणसात आली. मेकॅनिकांना इतकं बरं वाटलं की त्यांचे डोळे भरून आले. हात अजून कामातून गेले नव्हते.

"बघ," ते बायकोला म्हणाले. "आता बघ."



"हे काय झालं?" मुलगा गॅलरीच्या दारातूनच ओरडला. "मघाशी किती चकाचक होता! पहिल्याच दिवशी बिघडला?"

"बिघडला नाही. कुणीतरी हात लावलाय," तो माणूस म्हणाला.

"आई, बाबांनी हात लावला का?"

मेकॅनिकांना वाटलं, ती म्हणेल, मलाच असं आवडतं. एवढं एक वाक्य पुरे होतं. तेही नको, नुसती गप्प बसली असती तरी चाललं असतं.

"लावला," ती म्हणाली. "लावल्याशिवाय राहतील? गोष्ट ऐन रंगात आली की हे उठायचे. चेहरा नीट नाही म्हणत डब्यापुढे उभे. चाळीस वर्षं मी टीव्ही नाही बघितला, यांची पाठ बघितली. लाल तर लाल, मला मघाचाच हवा."

माणूस हसला. दोन बटणांत त्यानं बाईला पुन्हा टोमॅटो केलं. "चाइल्ड लॉक टाकून देतो. घरात लहान मूल असलं की आम्ही टाकतोच. मग आकडा घातल्याशिवाय मेनू उघडणारच नाही." त्यानं रिमोट मुलाच्या हातात दिला. "तुम्हीच घाला. आणि आजोबा, तुम्ही तेवढं तोंड फिरवा. आकडा पडद्यावर दिसतो."

मेकॅनिक मुलाकडे बघत राहिले.

"मिनिटभराचं काम आहे, बाबा," मुलगा रिमोटकडे बघत म्हणाला.

त्यांनी तोंड फिरवलं. समोर जुना डबा होता. भंगारात जाणार असला तरी सकाळी त्यांनी त्याची काच पुसून काढली होती. त्या फुगीर काळ्या काचेत सगळी खोली मावली होती. भिंतीवरचा टीव्ही, रिमोट धरलेला मुलगा, आणि पडद्यावर उमटलेला पहिला आकडा, उलटा पण स्वच्छ.

"अजून फिरा," कॉटवरून बायको म्हणाली. "काचेत दिसतंय तुम्हाला."