झोपण्याआधीचा डबा

"सांगतो, पण विश्वास एकाचाही बसायचा नाही," आजोबा म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून बसले.

चरबी उतरवायला आलेल्या सात-आठ जणांचा वर्ग होता. आहारवाल्या ताईंनी फळ्यावर लिहिलं होतं : झोपण्याआधी काय खावं? आजोबा वर्गात नवे. सुनेने जवळजवळ ढकलूनच पाठवलेले. जन्मभर गिरणीत बॉयलरची भट्टी पेटवली, त्यामुळे नखं अजून काळी. जीभ मात्र लोण्यासारखी.

"वाटीभर दही, नाहीतर एखादं उकडलेलं अंडं," ताई सांगत होत्या. "तेही पोटाला तडस लागेल इतकं नाही."

"आणि मोड आलेली कडधान्यं?" शिवणकाम करणाऱ्या बाईंनी विचारलं होतं. त्यांना पोचवायला आलेला नवरा दाराशी उभा होता. अगदी काडी पैलवान. खुर्ची दिली तर नको म्हणाला. दार तेवढं उघडं राहू द्या म्हणाला.

कडधान्यं ऐकून आजोबांना चेव आला होता.

"कडधान्यांपायी एक माणूस जिवंत भाजला जाणार होता, बाई. वाचवला कुणी? या गरिबाने."

"घ्या, आता आजोबांचं पुराण," बेकरीवाला पुटपुटला.

"तू पाव खा. ऐका हो. भट्टीमागे धूर जायचा बोगदा असतो. त्यात शिरून काजळी खरवडायची. आमच्याकडे हे काम ढोल्याकडे. आत जायचं भोक केवढं? हे एवढं." आजोबांनी दोन्ही हातांनी परातीएवढा गोल काढला. "आणि ढोल्या महिन्यागणिक रुंद होत चाललेला. मुकादमाने दम भरला, यापुढे भोकात मावला नाहीस तर घरी बस. घरात खाणारी पाच तोंडं. त्याचं धाबं दणाणलं. कुणा शहाण्याने सांगितलं, बाकी सगळं सोड, झोपण्याआधी फक्त डबाभर कच्ची मटकी."

"डबाभर!" ताईंनी कपाळाला हात लावला.

"रात्रपाळीवाल्याची झोपायची वेळ सकाळी. त्या दिवशी भट्टी दोन दिवसांची गार. ढोल्या पाळी संपवून पोट आत ओढत बोगद्यात शिरला. काम उरकलं. आत शांत, अंधार. डोळे मिटायला लागले. पण नियम म्हणजे नियम! त्याने आधी डबा संपवला, मग आडवा झाला."

सगळे हसले. दाराशी उभा असलेला नवरा हसला नाही.

"हसा, हसा. दुपारी जाग आली तेव्हा पोटाचा नगारा झालेला. भोकात डोकं गेलं, खांदे गेले, पोट काही जाईना. पुन्हा आत घसरला. आणि तेवढ्यात, बरं का, भट्टीचं लोखंडी दार करकरलं."

आता कुणी हसलं नाही.

"संध्याकाळच्या पाळीसाठी भट्टी पेटवायची होती ना. ढोल्याला आत सगळं ऐकू येत होतं. लाकडं पडली. मग कोळसा. एक फावडं, दुसरं, तिसरं. तो मोजत होता. ओरडायला गेला तर तोंडात काजळी, जीभ टाळूला चिकटलेली. नखांनी विटा ओरबाडल्या. विटांना काय त्याचं? मग रॉकेलचा वास आला."

"बाई गं!" शिवणवाल्या बाईंनी पर्स पोटाशी आवळली. त्यांनी आजोबांकडे नाही, नवऱ्याकडे पाहिलं.

"पेटवणारे तुम्हीच?" नवऱ्याने विचारलं. तो पहिल्यांदाच बोलला होता.

"मीच. दुसरा कोण? पण आमच्यात एक रीत होती. काडी ओढण्याआधी आगवाल्याने मागे जायचं, भोकात तोंड घालायचं आणि तीन हाका मारायच्या. कुणी आहे का आत?"

"आणि तुम्ही मारल्यात?"

"मारल्याशिवाय राहीन? खणखणीत! पहिलीला काही नाही. दुसरीला काही नाही. तिसरीला आतून मांजराच्या पिल्लासारखा आवाज आला. माझ्या हातातली काडी गळून पडली. भोकातून हात घातला, त्याचा हात धरला आणि दोन तास सोडला नाही. म्हटलं, लेका, भिऊ नकोस, मी आहे. हळूहळू पोट ओसरलं. ओढून काढला. पाठ तेवढी भाजली, महिनाभर पालथा झोपत होता. माझ्या गळ्यात पडून असा रडला म्हणता! पुढे गाव सोडून गेला. कुठे असेल कोण जाणे."

बेकरीवाल्याने नकळत टाळी वाजवली. ताई मात्र खडू हातात धरून तशाच उभ्या होत्या.

"आजोबा, पाठ भाजली कशी? भट्टी तर तुम्ही पेटवलीच नव्हती."

आजोबांनी डोळे मिचकावले. "विटांची धग हो, ताई. आतली धग."

"दोन दिवस गार होती म्हणालात."

"सापडले आजोबा!" बेकरीवाला ओरडला. सगळा वर्ग खो खो हसला. आजोबाही हसले, चोरी पकडलेल्या पोरासारखे.

"थोडं तिखटमीठ लावल्याशिवाय गोष्ट होते का रे? पाठीचं सोडा. ते आपलं उगीच."

दाराशी उभा असलेला नवरा चार पावलं आत आला. बायकोने त्याचा हात धरला, तो त्याने हळूच सोडवला. हसणं आपोआप थांबलं.

"पाठीचं खरं आहे," तो म्हणाला. "पण हाक एकही आली नव्हती, आगवाले. मी जागा होतो."