ताईचं कडं

नलिनीने यमुनाताईच्या पायातलं कडं काढून स्वतःच्या घोट्यावर चढवलं. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या पायात आता असं कडं असायचं. रोज सकाळी घरात चार फेऱ्या मारायच्या. चालीतल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारकाव्यांवरून ते अंगातली उरलेली ताकद मोजायचं. माणूस फार खचलाय असं दिसलं, की वृद्धसदनाची गाडी दारात यायची. तिथून कुणी परतल्याचं ऐकिवात नव्हतं.

काल रात्री ताप येऊन गेल्यापासून ताईचा पाय धड उचलला जात नव्हता.

"नको गं, पकडलं तर?" ताई पलंगावरून म्हणाली.

"कोण पकडतंय? तू पडून राहा."

नलिनीची सत्तरी अजून यायची होती. सगळा जन्म शाळेत पोरींना कवायत शिकवण्यात गेलेला. तिने ताठ मानेने, झपझप फेऱ्या मारल्या.

कडं बोललं, "यमुना आपटे, कालच्यापेक्षा चाल फार खालावली आहे. महिनाभरात मृत्यूचा मोठा धोका. गाडी निघाली आहे."

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. "बघ, यंत्राला फसवता येत नाही. माझंच मरण त्याने ओळखलं."

नलिनीने कड्याला हात घातला, पण कडी सुटेना. खाली गाडी थांबल्याचा आवाज आला.

"काढ ते लवकर," ताई रडत म्हणाली, "मला न्यायला आलेत."

नलिनी तिच्याशेजारी बसली. तिने ताईचा हात घट्ट धरला.

"ताई, ती चाल तुझी नव्हती गं."

दारावरची बेल वाजली.