तणमोरीची जागा

"बैल थांबवा, भाऊ!" रायसिंग पारधी सोयाबीनमधलं तण काढणाऱ्या डवऱ्याच्या बैलांपुढे आडवा झाला.

"माह्या वावरात फासे लावाले आला काय बे?" शेतमालक बोराखडे संतापले.

"फासे माह्या बापानं लावले. मी पक्षी राखतो. पुढं तणमोरीची अंडी हायेत."

"तणमोर त माळावरच्या गवतात बसते."

"दरसाल त्या गवतासाठीच येते इतक्या लांबून. यंदा पावसानं दडी मारली, गवत वीतभरही वाढलं नाही. तुमचं सोयाबीन विहिरीच्या पाण्यानं दाट हाय, म्हणून इथं बसली."

रायसिंगनं पानं हलकेच बाजूला केली. मातीत तीन हिरवट अंडी होती. मादी मात्र बैलांच्या चाहुलीनं उडून गेली होती.

"परत येईन काय?" बोराखड्यांचा आवाज उतरला.

"माणूस दिसलं त नाही."

बैल दूर नेऊन दोघं बांधाआड पालथे पडले. ऊन चढलं. उघडी अंडी तापत होती. बऱ्याच वेळानं सोयाबीनमधून एक लांब मान वर आली, चहूकडे पाहत थबकली. मग मादी अलगद अंड्यांवर बसली.

"तेवढा तुकडा राहू दे," बोराखडे कुजबुजले. "अन् तू येत जाय राखणीले. मले इचारायची गरज नाही."