मूठभर राख

ओव्हन स्वतःला साफ करत असताना घरात तपासनीस हजर लागे, म्हणून वैजयंता दर तीन महिन्यांनी पास्कूकाकांकडे येऊन बसे. जाळ्या काकांनी आधीच काढून ठेवल्या होत्या. तिने खिडकी उघडली, बटण दाबलं. दाराला कुलूप लागलं आणि आतली धग चारशे ऐंशी अंशांवर गेली.

शेवटी उरलेली राख तोलायची असे. राख निघाली नाही, तर त्या घरात कुणी रांधत नाही असं धरून स्वयंपाकघर दुसऱ्या बिऱ्हाडाला राहायला देत. इमारतीत आता हे एवढंच स्वयंपाकघर उरलं होतं. मैदा मिळेनासा होऊन वर्ष झालं होतं, हे तिलाही ठाऊक होतं.

ओव्हन गार झाला, कुलूप सुटलं. कुंच्याने तिने राख गोळा केली. चांगली मूठभर निघाली, पण तिचे पातळ पापुद्रे होते.

“काका, हा कागद आहे.”

“फिलोमिनाची केकची वही,” काका भिंतीवरच्या बायकोच्या फोटोकडे बघत म्हणाले. “तिच्या हातची, तिनेच लिहिलेली.”

वैजयंताने राख तोलून वजन लिहिलं.

“आणि पुढच्या वेळेला?”

“निम्मीच घातलीय गं.”