सोललेला गुडघा

लंगडी खेळताना सानिका धपकन पडली आणि अंगणात सगळ्यांआधी तिची आई उज्ज्वलाच पोचली. गुडघा चांगलाच सोलला होता. शेजारच्या साबडेकाकू हळदीचा डबा घेऊन धावल्या, तर उज्ज्वलाने त्यांचा हातच धरला.

"थांबा काकू, रक्त आपलं आपण थांबतंय का बघू द्या."

"अगं, आई आहेस की वैरीण?"

गेल्या वर्षी जरा खरचटलं तरी पोरीचं रक्त दुपारभर झिरपत राहायचं. जखमेवर गोळा होऊन बूच मारायला रक्तात प्लेटलेटच पुरेशा नाहीत, असं डॉक्टर म्हणाले होते. औषधं झाली, रिपोर्ट सुधारले, आणि आज पहिल्यांदाच तिला खेळायला सोडलं होतं. पण रिपोर्टने आईचा जीव थोडाच भांड्यात पडतो!

उज्ज्वलाने रुमाल दाबून धरला, मग भीतभीत उचलला. गुडघ्यावरचा लाल थेंब जागच्या जागी घट्ट होत चालला होता.

"आई, मला लागलंय आणि तू हसतेस काय?"

"किती छान लागलंय गं तुला!"

"मग परत खेळू?"

"खेळ की! फक्त आता पडायचंच झालं, तर दुसऱ्या गुडघ्यावर पड."