फक्त गार पाणी

"पोरी, याला फक्त गार पाणी दाखवायचं. गरम पाण्याचा थेंबसुद्धा नाही." बहारीनला उतरल्या दिवशीच रामजींनी सुनेला बजावलं होतं. आणि संघप्रियानं बाळाच्या बाटल्या विसळता विसळता "हो बाबा, हो" म्हणून ते कानाआड केलं होतं. सॅक्सोफोनचं तोंड ते, कडक रबराचा काळा माउथपीस. म्हाताऱ्या माणसांचं असतं एकेक.

आता तोच माउथपीस चिमट्यात धरून ती गॅसपाशी उभी होती. मघाशी श्रावस्तीनं रांगत जाऊन तो तोंडात घातला होता. गेल्याच आठवड्यात पोरीला जुलाब झालेले. संघप्रियानं तो हिसकला आणि बाटल्या-निपलांबरोबर सरळ उकळत्या पातेल्यात टाकला. काळ्याचा शेवाळी झाला होता. घरभर गंधकाचा वास.

रामजी टाय बांधत बाथरूममधून बाहेर आले. आज शहराच्या हूरा भागातल्या एका हॉटेलात त्यांना वाजवायचं होतं. तिथला सॅक्सवाला सुट्टीवर गेलेला. बँडचा म्होरक्या सिराज सकाळीच फोनवर म्हणाला होता, "चाचा, शाम को मगरिब की नमाज़ के बाद आ जाओ. सोलो आपका."

सोलो! मुंबईच्या हॉटेलांत मोठमोठे बँड होते त्या काळी रामजी सॅक्सच्या रांगेत अगदी कडेला बसायचे. सोलो आला की मधला उभा राहायचा, दिवा त्याच्यावर जायचा, आणि रामजी मान खाली घालून साथ धरायचे. बँड मोडला तोवर त्यांना कुणी उभं केलं नाही.

"कसला वास गं?"

तिनं चिमटा पुढे केला. त्यांनी माउथपीस उजेडाकडे धरला. रीडची, म्हणजे बोरूची पातळ पट्टी जिभेवर ओली करून त्यावर बसवली. बसेना. एका कडेला फट राहिली. फुंकून पाहिलं तर नुसती फुसफुस.

"दुसरा मिळेल ना, बाबा? ह्यांच्या पेजरवर निरोप टाकते. शिफ्ट सुटली की दुकानात..."

"शुक्रवार आहे आज, सुट्टीचा. दुकानं बंद. आणि इथे हे विकतंय कोण? खलास."

"मग तुम्ही तो टीपॉयवर ठेवलात कशाला? पोर रांगतं घरात!" आवाज चढला, तसा तिचा तिलाच ऐकवेना.

"सांगितलं होतं की नव्हतं?"

"मला वाटलं..."

"तुला वाटलं, म्हातारा बडबडतोय."

श्रावस्ती रडायला लागली. रामजींनी टाय सारखा केला. रोज पुसून लख्ख ठेवलेला सॅक्सोफोन पेटीत निजवला, खटके लावले आणि खाली बसून बूट घालू लागले.

"आता कुठे निघालात?"

"हॉटेलात. बोलावलंय ना मला."

"पण वाजवणार कशानं?"

पेटी उचलून त्यांनी दार उघडलं. "वाजवत नाही. उभा राहतो जरा."

संघप्रिया पोरीला कडेवर घेऊन खिडकीशी धावली. खाली दमट उकाड्यात कोट घातलेला म्हातारा पेटीच्या वजनानं एका अंगाला कलून चालला होता. कोपऱ्यावरून वळला आणि दिसेनासा झाला. हॉटेलचा फोन कुणी उचलेना. पेजरला उत्तर नाही. दुखण्याची कसर अजून अंगात असलेलं पोर घेऊन ती कुठे धावणार?

हूऱ्याकडून जाणारं आहे का हो कुणी? त्या हॉटेलात जरा डोकावून याल? निळा टाय, हातात काळी पेटी. तिला काय बोल लावायचा तो लावा, पण एवढं बघून या: ते उभे आहेत, की कुणी खुर्ची देऊन कडेला बसवलंय त्यांना?