आठव्या ट्रॅकची पट्टी

घरच्या स्टुडिओसाठी दुकानातलं नवं चार ट्रॅकचं रेकॉर्डिंग मशीन घ्यावं की मेहुण्याचं जुनं आठ ट्रॅकचं, यावर त्याने महिनाभर डोकं खाजवलं. मेहुण्याचं स्वस्त होतं, शिवाय त्यावरच त्या दोघांच्या बँडचं एकमेव गाजलेलं गाणं रेकॉर्ड झालं होतं. गिटारवाले तिघे. बारा वर्षं तो घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते ऐकवून सांगायचा, “ती मधली गिटार माझी!” तो मशीन बघायला गेला तेव्हा मेहुण्याने त्यावर तेच गाणं लावलं. “आवाज कमी-जास्त करायच्या सगळ्या पट्ट्या वरखाली सरकवून बघा, भाऊजी. मागाहून कटकट नको.” सात पट्ट्या बोटांनी झिजलेल्या, आठवी तळाशीच, नवीकोरी. तिच्याखाली चिकटवलेली चिठ्ठी: ‘भाऊजी’. त्याने ती वर सरकवली आणि त्याची गिटार पहिल्यांदाच ऐकू आली. “ताईने तुम्हाला बँडमध्ये घ्यायला सांगितलं होतं,” मेहुणा पुटपुटला, “ऐकवायला नाही.” त्याने कडवंभर ऐकलं. मग गाणं पार बिघडायच्या आत स्वतःच पट्टी खाली ओढली.